फूड टेक्नॉलॉजीत एम.टेक. : दोन वर्षांचा खरा खर्च

फूड टेक्नॉलॉजीत बी.टेक. झालेली मुलं पुढची चौकशी करतात तेव्हा पहिला प्रश्न फीचा असतो. माझ्या मते तो दुसरा असायला हवा. आधी विचारा : दरमहा विद्यावेतन मिळणार का, आणि कोणत्या परीक्षेच्या जोरावर? दोन वर्षांचा हिशेब मुख्यतः याच उत्तरावर ठरतो.

एक वाट गेटची. 'एक्सई' पेपरमध्ये फूड टेक्नॉलॉजी हा विभाग निवडता येतो. वैध गेट स्कोअरवर एआयसीटीईमान्य संस्थेत पूर्णवेळ एम.टेक.ला प्रवेश मिळाला, तर दरमहा १२,४०० रुपये, जास्तीत जास्त २४ महिने. म्हणजे २,९७,६०० रुपये. २०२६च्या गेटचं नियमित शुल्क २,००० रुपये होतं. मुली, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना १,०००. स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यामुळे बी.टेक.च्या तिसऱ्या वर्षीच परीक्षा देऊन टाकावी. एम.एस्सी.ला ही योजना लागू नाही, आणि एम.टेक.लाही 'त्या जागेला मान्यता आहे का' हे लेखी विचारून घ्या.

दुसरी वाट भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएआरच्या, पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची. वरच्या क्रमांकांना दरमहा १२,६४० रुपयांची शिष्यवृत्ती असते. तितका वर क्रमांक आला नाही, पण या परीक्षेतून परराज्यातल्या कृषी विद्यापीठात जागा घेतली, तर राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्तीचे दरमहा ५,००० रुपये मिळतात. म्हणून परभणीच्या मुलाने लुधियाना किंवा आणंदला जाणं वाटतं तितकं महाग पडत नाही. राज्याच्या प्रवेश परीक्षेतून परभणीला किंवा राहुरीला जागा घेतलीत, तर घराजवळ राहण्याची बचत होते, पण वरचं विद्यावेतन गृहीत धरू नका.

विद्यावेतन एक तारखेला खात्यात पडेल असंही समजू नका. कागदपत्रांची पडताळणी होईपर्यंत पहिले काही महिने घरच्या पैशांवरच काढायचे, या हिशेबाने सहा महिन्यांची खानावळ आणि भाडं बाजूला ठेवा. होस्टेल मिळालं तर प्रश्न मिटला. मुंबई-पुण्यात ते हुकलं की कॉट बेसिसवरची जागा आणि डिपॉझिट यांची बेरीज सरकारी फीच्या पुढे जाते. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे : मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये. गुणांची आणि उत्पन्नाची अट असते, तेव्हा उत्पन्नाचा दाखला प्रवेशाआधीच काढून ठेवा.

आता तो खर्च, जो कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो : प्रबंधाचा. समजा, ज्वारीच्या बिस्किटांवर काम घेतलं. मिश्रणं चार. प्रत्येकाचे तीन नमुने. टिकाऊपणा पाहायचा म्हणून पहिल्या दिवशी, मग ३०, ६० आणि ९० दिवसांनी तपासणी. झाले ४८ नमुने. प्रथिनांसाठी केल्डाल, स्निग्धांशासाठी सॉक्सलेट आणि राखेसाठी मफल भट्टी ही उपकरणं बहुतेक विभागांत असतात. तिथे ॲसिड, हेक्झेन, फिल्टर पेपर असा किरकोळ खर्च. पण टेक्श्चर ॲनालायझर बंद असला किंवा एचपीएलसीवर नंबर लागेना, की नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत जातात आणि तिथे दर नमुन्यामागे असतो. एका चाचणीला ५०० रुपये धरले तरी ४८ नमुन्यांचे २४,००० होतात, तेही एकाच चाचणीचे. चाचण्या तीन असतील तर ७२,०००. मुलं अडकतात ती इथे, शेवटच्या सहा महिन्यांत, जेव्हा घरी पुन्हा पैसे मागायची लाज वाटते. विषय ठरवण्याआधी मार्गदर्शकांना सरळ विचारा : 'सर, यातल्या कोणत्या चाचण्या आपल्याकडे होतात, आणि बाहेरच्यांचं बिल प्रकल्पातून निघतं का?' हा प्रश्न उद्धट नाही. चांगला मार्गदर्शक त्यावरूनच नमुन्यांची संख्या आटोपशीर करून देतो.

जर्मनीचा पर्याय बऱ्याच घरांत निघतो. तिथे फी नसते, हे सरसकट खरं नाही. श्टुटगार्टचं होहेनहाइम विद्यापीठ अन्नशास्त्रासाठी नावाजलेलं. पण बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी ठेवायचे (हा आकडा सप्टेंबर २०२४पासूनचा). ते तुमचेच असतात आणि महिन्याला ९९२ युरो याप्रमाणे परत मिळतात. तरी तेवढी रक्कम एकदम उभी करावी लागते. व्हिसाआधी पदवीच्या कागदपत्रांची पडताळणी करून मिळणाऱ्या एपीएस प्रमाणपत्राचे १८,००० रुपये वेगळे.

कर्ज घेणार असाल तर पीएम-विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीत आपली संस्था आहे का ते बघा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ते सुरू होईपर्यंत व्याजात ३ टक्के सवलत मिळू शकते. हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. विद्यावेतन सुरू झालं की त्यातून निदान व्याज तरी महिन्याच्या महिन्याला भरत जा.