खरा आंधळा कोण?

वाचन : योहान ९:१-४१



प्रायश्चित्तकाळाच्या चौथ्या रविवारी, 'अ' वर्षाच्या वाचनांत, जन्मांध माणसाचे शुभवर्तमान आपण ऐकतो. त्याला पाहताच शिष्यांनी प्रभूला विचारले, पाप कोणाचे? याचे की याच्या आईबापांचे? आजही एखाद्या घरी अपंग मूल जन्मले की हाच प्रश्न कुजबुजला जातो आणि तो त्या आईच्या कानावर जातोच. प्रभूचे उत्तर स्पष्ट आहे : पाप ना याचे, ना आईबापांचे. आंधळेपण ही शिक्षा नव्हे. आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये, ही तर जुन्या करारातीलही आज्ञा आहे (लेवीय १९:१४).

प्रभूने चिखल करून त्याच्या डोळ्यांना लावला व त्याला शिलोहाच्या तळ्यावर धुण्यास धाडले. 'शिलोह' म्हणजे 'पाठविलेला', असे संत योहान सांगतो. पित्याने पाठविलेला तो येशूच. म्हणूनच प्राचीन ख्रिस्तसभेने या घटनेत स्नानसंस्काराची खूण पाहिली.

तळ्यात धुताच त्याला दिसू लागले. श्रद्धेची दृष्टी मात्र पायरीपायरीने आली. प्रथम तो येशूला एक माणूस म्हणतो (११), मग संदेष्टा (१७), मग देवाकडून आलेला (३३). शेवटी तो त्याला प्रभू म्हणून नमन करतो (३८). दरम्यान आईबापांनी भीतीपोटी अंग काढून घेतले होते, धर्मपुढाऱ्यांनी त्याला हाकलून दिले होते. एकट्या पडलेल्या त्याला प्रभूने स्वतः शोधून काढले.

परुशी मात्र पायऱ्या उतरत गेले. आरंभी त्यांच्यातही मतभेद होते (१६). पण 'आम्हांला सर्व कळते' या हट्टापायी त्यांना शब्बाथ मोडलेला दिसला, बरा झालेला माणूस दिसला नाही. ते वाईट लोक नव्हते. आपल्यासारखेच नेमाने प्रार्थना करणारे होते. न दिसणे हे पाप नव्हे, दिसते असे म्हणत प्रकाश नाकारणे हे पाप, असे प्रभूने त्यांना सुनावले (४१).

चिंतनासाठी : कोणाच्या दुःखाकडे पाहून 'पाप कोणाचे?' असे मी म्हटले आहे का? यरीहोच्या आंधळ्या बार्तीमयाला प्रभूने आधी विचारले, मी तुझ्यासाठी काय करावे? (मार्क १०:५१). या आठवड्यात आपल्या धर्मग्रामातील एका अंध वा अपंग भावंडाच्या घरी जाऊ या आणि तेच विचारू या.