वादळ पाहायला जाताय? आधी गाडीचं छप्पर पाहा

नागपूरच्या एका हौशी छायाचित्रकाराने वादळ दाखवायला नेणाऱ्या आयोजकाला फोनवर आवर्जून विचारलं होतं, "गाडी बंद आहे ना?" "आहे जी," असं उत्तर आलं. मे महिन्यातल्या त्या दुपारी चंद्रपुरात समोर उभी राहिली सफारीची उघडी जिप्सी. पैसे मात्र आधीच पूर्ण घेतलेले.

या दिवसांत इथला पारा ४५ अंशांपुढे जातो. तापलेली हवा वर उसळते, तिला बंगालच्या उपसागरावरची आर्द्रता मिळाली की दुपारनंतर गडगडाटी ढग उभे राहतात. वरोऱ्याकडच्या मोकळ्या शेतांतून असा ढग पायथ्यापासून माथ्यापर्यंत दिसतो. मूलच्या रस्त्यावर जंगल दोन्ही बाजूंनी अंगावर येतं, आभाळाची नुसती पट्टी उरते. छायाचित्रकार वरोरा म्हणत राहिले. आयोजकाने गाडी मूलकडे घातली. वाघ दिसला तर त्याचीच जाहिरात!

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या 'दामिनी' ॲपने विजेचा इशारा दिला, तेव्हा आयोजक हसला. "ते रोजच ओरडते जी."

मग वारा पडला आणि लगेच थंड, धुळीचा झोत आला. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद छायाचित्रकार मोजत होते. तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. बारा, सात, मग मोजायला उसंतच नाही. आयोजकाने जिप्सी मोहाच्या झाडाखाली लावली, "आडोसा आहे" म्हणाला आणि स्वतः मागून आलेल्या ओळखीच्या बंद गाडीत जाऊन बसला. त्या गाडीची काच वर चढताना पाहिली, तेव्हा छायाचित्रकारांना उमगलं: धोका त्याला पहिल्यापासून ठाऊक होता.

वीज दुसरीकडे पडली. पैसे परत मिळाले नाहीत. छायाचित्रकार आता भेटेल त्याला बजावतात.

धातूचं छप्पर असलेली बंद गाडीच हवी. वीज त्या पत्र्यावरून जमिनीत उतरते; रबरी टायरांचा त्यात काही वाटा नाही. ताडपत्री, दुचाकी, उघडी जीप कामाची नाही. झाडाखाली तर मुळीच नाही, खोडावरची वीज शेजारच्या माणसावर उडी घेते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. एटापल्ली-भामरागडकडे मोबाइलला रेंज नसलेले पट्टे आहेत, तिथे 'दामिनी'ही मुकी. पाणी, टॉर्च, पेट्रोल, हे सगळं घ्यावंच. माघारीचा दुसरा रस्ता आधी ठरवावा. ओक्लाहोमाच्या सपाट मैदानात टिम समारस यांच्यासारखा कसलेला संशोधक ३१ मे २०१३ रोजी एल रीनोच्या टोर्नेडोत मुलगा आणि सहकाऱ्यासह गेला. वादळाने अचानक दिशा बदलली होती. इथे तर जंगलात समोरचं आभाळही दिसत नाही.

तेंदूच्या हंगामात गावातल्या फळीवर, म्हणजे तेंदूपानं गोळा करण्याच्या जागेवर, नजर ठेवावी. तिथे पानांचे पुडे वाळत असतात, अवकाळीत भिजले तर नुकसान, म्हणून माणसांचं लक्ष आभाळाकडेच असतं. पुडे झाकायची धावपळ सुरू झाली की गाडी वळवावी, आयोजक काहीही म्हणो.