माहिती आणि निर्णय

हल्लीं खेडोपाडीं मोबाईल पोहोंचला आहे. औषध, बियाणें, कर्ज, मत, कोणतीही बाब असो, पुष्कळ लोक प्रथम त्यालाच विचारितात. ह्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु माहिती मिळणें निराळें व निर्णय घेणें निराळें. हा भेद ह्या पाठांत पाहूं.

१. शोधल्यानें ज्ञानाचा भास होतो. अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनीं सन २०१५ मध्यें कांहीं प्रयोग प्रसिद्ध केले. ज्यांनीं प्रश्नांचीं उत्तरें इंटरनेटवर शोधिलीं, त्यांना अगदीं वेगळ्या विषयांतही आपण अधिक जाणतों असें वाटूं लागलें. शोधूनही नीट उत्तर न मिळालें, तरी हा भास राहिलाच.

२. जें प्रथम दिसतें तें खरें वाटतें. त्याच वर्षीं एपस्टाइन व रॉबर्टसन ह्या संशोधकांनीं दाखविलें कीं, उत्तरांच्या यादीचा क्रम एका उमेदवारास अनुकूल केला, तर मत न ठरविलेल्या मतदारांपैकीं २० टक्के किंवा अधिक लोकांचा कल फिरूं शकतो. त्यांतील एक प्रयोग २०१४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळीं भारतांतील २,१५० मतदारांवर केला होता. यादी झुकविलेली आहे हें बहुतेकांच्या ध्यानींही आलें नाहीं.

३. जसा प्रश्न, तसें उत्तर. क्षयाच्या रोग्यास कांहीं आठवड्यांत बरें वाटूं लागतें. अशा वेळीं त्यानें केवळ औषधांचे दुष्परिणाम शोधिले, तर औषध सोडावें असेंच त्याला वाटेल. परंतु साध्या क्षयाचा उपचार बहुधा सहा महिने पुरा करावा लागतो. मध्येंच सोडल्यास रोग उलटतो, जंतू औषधास दाद देईनासे होतात, व घरच्यांसही तो लागण्याचें भय असतें. औषधाचा त्रास होत असेल, तर त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन सांगावें. औषध बदलावें कीं नाहीं हें तेथेंच ठरावें.

म्हणून शोधण्यापूर्वीं आपला प्रश्न कागदावर लिहावा. तोच प्रश्न उलट बाजूनेंही विचारावा. सांगणाऱ्याचा त्यांत कोणता लाभ आहे तें पाहावें. शेवटीं मोबाईल बाजूस ठेवून आपल्या निर्णयाचीं कारणें आपल्याच शब्दांत दुसऱ्यास सांगून पाहावीं. तीं सांगतां आलीं नाहींत, तर माहिती मोबाईलमध्यें आहे, आपल्यापाशीं नाहीं, असें समजावें.

विचारासाठीं प्रश्न : (१) गेल्या वर्षीं आपण घेतलेल्या कोणत्या निर्णयाचीं कारणें आज आपणांस सांगतां येतील? (२) त्या वेळीं उलट बाजू कोणास विचारिली होती?