फॉरमॅट मारण्याआधी माझं ऐक

अगं, लॅपटॉप सुरू होईना म्हणून तू रडवेली झालीस, हे मला फोनवरच्या आवाजावरूनच कळलं. विंडोजशेजारी लिनक्स टाकलंस, काही दिवस दोन्ही छान चाललं आणि आता काळ्या पडद्यावर इंग्रजीच्या दोन ओळी. रूममेट म्हणते फॉरमॅट मार, दुकानदारही तेच म्हणतो. थांब लेकरा. एका मशीनवर दोन सिस्टिम ठेवल्या की ज्या तक्रारी येतात, त्यांतल्या बहुतेकींत फाइली जागच्या जागी असतात. बिघडलेली असते ती त्यांच्यापर्यंत पोचायची वाट. फॉरमॅट मारला की मात्र त्या खरोखर जातात. म्हणून आधी काय बिघडलं ते ओळखायचं, हात मग लावायचा.

आणि दोन सिस्टिम ठेवल्यास यात तुझं काही चुकलं नाही, हेही सांगून ठेवते. टॅली, श्री-लिपी, टायपिंगच्या परीक्षेचा सराव यांसाठी विंडोज लागतंच. प्रोग्रॅमिंग शिकायचं, सर्व्हरवरचं काम शिकायचं, तर लिनक्स हाताखालून गेलेलं बरं. त्यात 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप आणि ठरावीक प्रोसेसर लागतात. जिंतूर, सेलू, पालमहून परभणीत खोली करून शिकणाऱ्या किती पोरींकडे घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन घेतलेला, कधी सेकंडहँड लॅपटॉप असतो. तो धडधाकट असताना टाकून द्यायचा कशाला? लिनक्सने त्याला आणखी काही वर्षं मिळतात.

आता मशीन सुरू होताना काय घडतं ते समजून घे. बटण दाबल्यावर मदरबोर्डवरचा यूईएफआय नावाचा प्रोग्रॅम जागा होतो आणि बूटच्या यादीत जे पहिलं असेल त्याला हाक मारतो. तिथे लिनक्सचा ग्रब असेल तर तो विचारतो, लिनक्सकडे जायचं की विंडोजकडे? आपल्या परभणी जंक्शनवरून एक मार्ग मनमाडकडे जातो, एक गंगाखेडवरून परळीकडे. सांधा भलतीकडे वळला म्हणून परळी काही नाहीशी होत नाही. ग्रबचंही तसंच आहे.

लिनक्स एकाएकी दिसेनासं झालं आणि मशीन थेट विंडोजमध्येच जाऊ लागलं, तर बहुधा विंडोजच्या मोठ्या अपडेटने यादीत स्वतःला पहिलं केलेलं असतं. सुरू करतानाच बूट मेनूची की दाब. डेल आणि लेनोवोला एफ12, एचपीला एफ9, असुसला बहुधा एस्केप. यादीत ‘उबुंटू’, म्हणजे तुझं लिनक्स, दिसलं की निम्मी काळजी मिटली. ते निवडून आत जा, आणि नंतर बायोसच्या, म्हणजे याच यूईएफआयच्या, सेटिंगमध्ये बूट ऑर्डर बदलून त्याला वर आण. उलटं झालं, म्हणजे ग्रब दिसतो पण त्यात विंडोज नाही, तर कारण वेगळं असतं. 2021 मध्ये आलेल्या ग्रब 2.06 पासून दुसरी सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘ग्रब डिसेबल ओएस प्रोबर’ ही ओळ शोधायची, नसेल तर घालायची. तिच्यापुढे ‘फॉल्स’ लिहायचं, टर्मिनलमध्ये ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवायचं, की विंडोज यादीत येतं. तरीही आलं नाही तर लिनक्स जुन्या लेगसी पद्धतीने टाकलं गेलं का ते बघ. विंडोज यूईएफआय पद्धतीने आणि लिनक्स लेगसीने असेल तर दोघांची गाठ पडत नाही. म्हणून पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकताना बूट मेनूत ज्या नावाआधी ‘यूईएफआय’ लिहिलेलं असतं तेच निवडावं.

सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे विंडोजचं फास्ट स्टार्टअप. तुला वाटतं आपण शटडाउन केलं. प्रत्यक्षात विंडोज पूर्ण बंद होत नाही, आपली अर्धी अवस्था डिस्कवर साठवून झोपतं. मग तू लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवरची प्रोजेक्टची फाइल उघडायला जातेस, तर ड्राइव्ह उघडत नाही, किंवा फक्त वाचता येतो, लिहिता येत नाही. लिनक्स तिथे तुझं रक्षणच करत असतं, कारण झोपलेल्या विंडोजच्या डिस्कवर बाहेरून लिहिलं तर फाइली खरंच खराब होतात. तेव्हा जबरदस्तीने लिहायच्या युक्त्या शोधू नकोस. विंडोजमध्ये जा, कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटणांची सेटिंग, आणि ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ समोरची खूण काढून टाक. घाईच असेल तर शटडाउनऐवजी रीस्टार्ट कर. रीस्टार्टमध्ये विंडोज पूर्ण बंद होतं.

आणि हे तर पाठच करून ठेव. विंडोजला लिनक्सचं पार्टिशन वाचता येत नाही. चुकून त्या पार्टिशनला ड्राइव्हचं अक्षर मिळालं तर विंडोज भाबडेपणाने विचारतं, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? तिथे ‘कॅन्सल’च दाबायचं. त्या एका होकारात लिनक्समधलं सगळं जाईल. नंतर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या पार्टिशनचं अक्षर काढून टाक, म्हणजे पुन्हा प्रश्नच येणार नाही.

घड्याळ साडेपाच तासांनी चुकतं, ही तक्रार तर भारतात घरोघरी. विंडोज मशीनमधल्या घड्याळात आपली स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स तिथे जागतिक वेळ धरतं, आणि आपल्या वेळेत आणि तिच्यात फरक साडेपाच तासांचा. दुपारी तीनला विंडोज सकाळचे साडेनऊ दाखवतं. घड्याळ चुकलं की ब्राउझर साइट उघडायला नकार देतो, आणि नेमका तो अर्ज भरायचा शेवटचा दिवस असतो. लिनक्समध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी 1’ ही आज्ञा दिली की दोघं एका वेळेवर येतात. ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात तिथे या उपायाने घोळ होऊ शकतो. आपल्याकडे घड्याळ वर्षभर एकच, त्यामुळे तू बिनधास्त वापर. मात्र दरवेळी तारीखच कित्येक वर्षं मागे जात असेल तर दोष सिस्टिमचा नाही, मदरबोर्डवरचा सेल संपलाय. तो बदलून घे.

आता जे खरंच जपायचं त्याबद्दल. 13 ऑगस्ट 2024 ला विंडोजचं एक सुरक्षा अपडेट आलं आणि जगभर दोन सिस्टिम ठेवणाऱ्या कितीतरी जणांचं लिनक्स उघडेना. पडद्यावर ओळ यायची, ‘समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग’. वाचणाऱ्याच्या पोटात गोळाच यावा अशी ती ओळ, पण एकही फाइल गेलेली नव्हती. ग्रबमधली जुनी भेग बुजवताना अपडेटने जुन्या बूट-फाइलींवर बंदी घातली होती. दोन सिस्टिमच्या मशीनवर ही बंदी लागू होणार नाही असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं, तरी ती अनेक ठिकाणी लागू झाली आणि मे 2025 मध्ये त्यावरची दुरुस्ती आली. तोवर लोकांनी बायोसमधली सिक्युअर बूट ही बूट-फाइली तपासणारी सेटिंग तात्पुरती बंद केली, लिनक्समध्ये शिरून त्या बंदीची नोंद पुसली, लिनक्स अपडेट केलं आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू केलं.

पण सिक्युअर बूट बंद करण्याआधी माझी एक गोष्ट ऐक. नव्या विंडोज लॅपटॉपांत डिस्क अनेकदा आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते. विंडोज 11 ची 24एच2 आवृत्ती नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केली तर हे एन्क्रिप्शन मुळातच चालू होतं. बायोसमध्ये बदल झालेला दिसला की विंडोज 48 अंकी रिकव्हरी की मागतं. ती की ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्या खात्यात असते. आपल्याकडे ते खातं कुणाचं असतं? दुकानदाराने घाईत उघडून दिलेलं, दादाच्या जुन्या नंबरवरचं, नाहीतर पासवर्ड विसरलेलं. की सापडली नाही तर ती डिस्क कुणालाच उघडता येत नाही, कितीही पैसे मोजले तरी. खरं नुकसान होतं ते इथे. म्हणून सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ बघ. चालू असेल तर की शोधून कागदावर उतरवून ठेव. ती हाती आल्याशिवाय बायोसला हात लावायचा नाही.

कधी लिनक्स टाकताना इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. बायोसमध्ये डिस्क हाताळायची इंटेलची आरएसटी किंवा व्हीएमडी ही पद्धत चालू असली की असं होतं. ती सेटिंग एकदम बदललीस तर विंडोज निळ्या पडद्यावर पडेल. आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी व्यवस्था करायची, मग बायोसमध्ये त्याऐवजी एएचसीआय ही पद्धत निवडायची, एकदा सेफ मोडमध्ये जाऊन यायचं आणि मग नेहमीसारखं सुरू करायचं. आणि इन्स्टॉलर ‘इरेज डिस्क’ असं विचारतो तिथे डोळे उघडे ठेव. त्याचा अर्थ विंडोजसकट सगळं पुसणं असा आहे.

पार्टिशन लहानमोठं करायचं काम वळवाच्या पावसाच्या संध्याकाळी काढू नकोस गं. जुन्या लॅपटॉपची बॅटरी दहा मिनिटंही टिकत नाही. पार्टिशन सरकत असताना लाइट गेली तर फाइली अर्ध्यावर तुटतात. असं काम बॅटरी भरलेली असताना, लाइटचा भरवसा असलेल्या वेळी करावं, आणि त्याआधी कॉपी काढून ठेवावी. पुढे कधी लिनक्स काढून टाकावंसं वाटलं तर आधी बूट ऑर्डरमध्ये विंडोज पहिलं कर, पार्टिशन नंतर पूस. उलट केलंस तर पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ येऊन बसेल. तेव्हाही विंडोज आत सुखरूपच असतं, बूट मेनूतून ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडायचं.

दुकानात जायचीच वेळ आली तर काउंटरवर स्पष्ट सांग, “यात दोन सिस्टिम आहेत, माझा डेटा हलवू नका, फक्त बूट दुरुस्त करून द्या.” दुकानदाराच्या टेबलावर दहा मशीन पडलेली असतात, फॉरमॅट हा त्याचा सगळ्यात झटपट उपाय असतो, आणि तू सांगितलं नाहीस तर आत काय आहे हे त्याला कळणार तरी कसं? शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतूनही आहेत, आणि तेही मोफत. इंग्रजी आडवं येतं म्हणून मागे राहू नकोस.

आता आज कर. कॉलेजच्या लॅबमधून 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स उतरवून घे, त्यावरून लॅपटॉप सुरू कर, ‘ट्राय’ निवड आणि तुझ्या फाइली दिसतात का बघ. दिसल्या की आधी दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करून घे. रिकव्हरी की कागदावर लिही आणि कागद मार्कशीटच्या फाइलमध्ये ठेव. पडद्यावरच्या ओळींचा फोटो मला पाठव. बूट आपण दोघी मिळून दुरुस्त करू, तोवर कुणालाही फॉरमॅट मारू देऊ नकोस.