सर्व्हर बोलका ठेव

पोरी, पीएचपीची फाइल डबल-क्लिक करून उघडायची नाही, हे सगळ्यात आधी. ब्राउझरला पीएचपी कळत नाही. फाइल थेट त्याच्या पुढ्यात टाकलीस तर तो तुझा कोड जसाच्या तसा दाखवेल, नाहीतर ती डाउनलोड करायला काढेल. पत्त्याच्या पट्टीत सुरुवातीला 'फाइल' दिसलं की समजायचं, मध्ये सर्व्हर आलेलाच नाही. तिथे 'लोकलहोस्ट' किंवा १२७.०.०.१ दिसलं पाहिजे. नुसतं जावास्क्रिप्ट लिहीत असलीस तरी हेच. मॉड्यूल म्हणून जोडलेल्या फाइली ब्राउझर 'फाइल'च्या पत्त्यावरून घेत नाही, आणि तू मात्र कोडमध्ये नसलेली चूक शोधत बसतेस.

सर्व्हर म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर एसीच्या खोलीतलं कपाट येतं. मागणी आली की उत्तर देणारा प्रोग्राम, एवढाच त्याचा अर्थ. तो तुझ्या लॅपटॉपवरही चालतो. टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये जगातला पहिला वेब सर्व्हर चालवला, तोही नेक्स्ट कंपनीच्या साध्या टेबलावरच्या संगणकावर. कोणी चुकून बंद करू नये म्हणून त्यावर लाल शाईने 'हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका' अशा अर्थाची चिठ्ठी चिकटवलेली होती.

पहिल्याच दिवशी झॅम्पसारखा मोठा संच बसवायची घाई नको. पीएचपी ५.४ आली २०१२ मध्ये, तेव्हापासून पीएचपीच्या पोटातच चाचणीपुरता सर्व्हर आहे. टर्मिनलमधून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जायचं आणि लिहायचं: पीएचपी, जागा सोडून डॅश आणि कॅपिटल एस, मग लोकलहोस्ट, कोलन, ८०००. एस कॅपिटलच हवा. छोट्या एसचा अर्थ वेगळा आहे, त्याने सर्व्हर सुरू होत नाही. कंट्रोल-सी दाबलं की बंद. याचा मोठा फायदा असा की आलेली प्रत्येक मागणी आणि झालेली प्रत्येक चूक त्याच खिडकीत ओळीने उमटत जाते. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेव. हा सर्व्हर एचटीअ‍ॅक्सेसची फाइल वाचत नाही. आणि एरवी तो एका वेळी एकच मागणी हाताळतो, त्यामुळे तुझी स्क्रिप्ट मध्येच स्वतःच्याच पत्त्यावर काही मागायला गेली तर दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात. ती कोडची चूक नसते.

एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टपुरतं काम असेल तर पायथनचा सर्व्हरही एका ओळीत सुरू होतो. पण तो आपणहून सगळ्या नेटवर्कला दार उघडून बसतो. हॉस्टेलच्या किंवा कॅफेच्या वाय-फायवर असशील तर शेजारच्या टेबलावरचा मुलगा तुझं अख्खं फोल्डर चाळू शकतो, पासवर्ड लिहिलेल्या फाइलीसकट. म्हणून बाइंडचा पर्याय देऊन १२७.०.०.१ सांगायचं. हा पत्ता यंत्राच्या बाहेर जातच नाही. ०.०.०.० मात्र याच्या बरोबर उलट: जिथून येईल तिथून येऊ दे. कुणा व्हिडिओत बघून ते डोळे झाकून टाकू नकोस.

डेटाबेस आणि एचटीअ‍ॅक्सेस लागायला लागले की झॅम्प घे. अपाची हा सर्व्हर, मारियाडीबी हा डेटाबेस आणि पीएचपी सगळं एकत्र येतं. विंडोजवर ते 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये बसवू नकोस, परवानग्यांची कटकट होते. थेट सी ड्राइव्हवर बसव आणि आपल्या फाइली एचटीडॉक्समध्ये ठेव. अपाची हिरवा होऊन लगेच विझला तर बहुधा ८० नंबरचं पोर्ट आधीच कोणीतरी धरलेलं असतं. बऱ्याचदा विंडोजचाच आयआयएस. 'नेटस्टॅट'ने त्या प्रोग्रामचा क्रमांक काढ, टास्क मॅनेजरमध्ये तो कोण आहे ते बघ. ओळखीचा नसेल तर त्याला मारू नकोस, आपणच ८०८० वर जा. झॅम्पमध्ये डेटाबेसच्या रूट युजरला सुरुवातीला पासवर्डच नसतो. तो संच सरावासाठी आहे, त्यावर खरी वेबसाइट चालवणाऱ्याला मी कामावर ठेवणार नाही.

आता जे मला खरं सांगायचंय ते. घरच्या सर्व्हरने बोंब मारली पाहिजे. इथे त्याला गप्प बसवलंस तर ती चूक लाइव्ह साइटवर गिऱ्हाइकासमोर निघेल. पीएचपीच्या आयएनआय फाइलीत 'डिस्प्ले एरर्स' चालू कर आणि बारीकसारीक इशाऱ्यांसकट सगळं दाखवायला सांग. लाइव्ह सर्व्हरवर याच्या उलट: पडद्यावर काही नाही, सगळं लॉगमध्ये. आयएनआय बदलली तरी काही फरक पडत नाही, अशी तक्रार मुलं हमखास करतात. यंत्रावर अशा दोन-तीन फाइली असतात आणि तू भलतीच बदललेली असतेस. 'पीएचपीइन्फो' हे फंक्शन चालव. कोणती फाइल वाचली गेली त्याचा पूर्ण पत्ता त्यात असतो. ती बदल आणि मग अपाची पुन्हा सुरू कर.

पान पांढरं फटक आलं तर कोडकडे बघूच नकोस, आधी एरर लॉग उघड. झॅम्पमध्ये तो अपाचीच्या लॉग्ज फोल्डरमध्ये असतो, उबंटूवर व्हार-लॉगच्या आत अपाची२ मध्ये. त्याची शेवटची ओळ वाच. फाइलीचं नाव आणि ओळीचा नंबर बहुतेक वेळा तिथेच लिहिलेला असतो. इंग्रजी अवघड वाटलं तरी वाच. लॉग न वाचता मला फोन केलास तर मी पहिला प्रश्न 'लॉग वाचलास का?' हाच विचारणार.

पर्ल किंवा पायथनची सीजीआय स्क्रिप्ट असेल आणि लॉगमध्ये हेडरच्या आधीच स्क्रिप्ट संपल्याची तक्रार असेल, तर तीन जागा बघ. फाइलीला चालवण्याची परवानगी आहे का. कंटेंट-टाइपच्या ओळीनंतर एक कोरी ओळ छापली आहेस का. आणि फाइल विंडोजवर लिहून लिनक्सवर नेली आहेस का. तिसरी जागा फसवी असते. विंडोज ओळीच्या शेवटी एक जादा चिन्ह सोडतं, ते पहिल्या ओळीतल्या पर्लच्या पत्त्याला चिकटतं आणि त्या नावाचा पर्ल यंत्राला सापडत नाही. परवानगीचं कोडं सुटत नाही म्हणून सगळ्या फाइलींना ७७७ देऊन टाकायचं नाही. स्क्रिप्टला ७५५ पुरतं.

विंडोजला फाइलीच्या नावातलं लहान-मोठं अक्षर सारखंच, लिनक्सला नाही. इथे दिसणारा लोगो तिथे गायब झाला की कारण बहुतेकदा हेच असतं. सगळी नावं लहान अक्षरांत ठेव. पीएचपीची आवृत्तीही लाइव्हवर जी आहे तीच घरी ठेव. डॉकर जमायला लागलं की हे काम फार सोपं होतं.

मराठीत काम करणाऱ्यांनी एवढं जास्त सांभाळायचं. मायएसक्यूएल ८.० येईपर्यंत तिथे आपोआप लॅटिन१ ही अक्षरपद्धत यायची. अशा टेबलात मराठी नाव टाकलंस की प्रश्नचिन्हांची रांग उमटते, आणि एकदा प्रश्नचिन्ह साठवलं गेलं की मूळ नाव परत मिळत नाही. म्हणून टेबल आणि डेटाबेसशी केलेली जोडणी, दोन्हीकडे यूटीएफ८एमबी४ सांग. 'मराठी' या शब्दाची लांबी स्ट्रलेनला विचार, तो १५ सांगेल, कारण तो बाइट मोजतो. एमबी_स्ट्रलेन ५ सांगेल. बातमीचा मथळा बाइटच्या हिशोबाने कापलास तर शेवटचं अक्षर फुटतं. चाचणीला 'अबक' नको, 'ज्ञानेश्वर' आणि 'कृष्णाकाठ' घाल, जोडाक्षरांशिवाय खरी परीक्षा होत नाही. वेळेचंही सांगून ठेवते: पीएचपी मुळात यूटीसी धरते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री १२ ते पहाटे ५.३० मध्ये भरलेल्या पावतीवर कालची तारीख पडते. 'एशिया/कोलकाता' लिहून टाक.

चाचणीसाठी गिऱ्हाइकांची खरी यादी कधीच उतरवून घेऊ नकोस. खोटी नावं, खोटे नंबर बनव. ईमेल पाठवणारी स्क्रिप्ट तपासताना मेलपिटसारखं साधन मध्ये बसव, म्हणजे पत्र बाहेर न जाता तिथेच अडकतं आणि तुला वाचता येतं. होस्ट्स फाइलीत स्वतःचं नाव घालायचं असेल तर शेवटी 'डॉट टेस्ट' घाल, तो याच कामासाठी राखून ठेवलेला आहे. 'डॉट डेव्ह' नको. तो गूगलच्या मालकीचा आहे आणि क्रोम तिथे एचटीटीपीएसशिवाय पाऊल टाकू देत नाही.

आणि ती पीएचपीइन्फोची फाइल लाइव्हवर फाइली चढवण्याआधी आठवणीने काढ. सर्व्हरच्या आवृत्त्या आणि आतले रस्ते तिच्यात उघडे लिहिलेले असतात.