आठ ओळींचं कोष्टक

विष्णुपुरी, नांदेड

चि. माऊस,


हमीभावाच्या सोयाबीन खरेदीचं सॉफ्टवेअर तुमच्याकडे आल्याचं ताईनं सांगितलं. फार आनंद झाला. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनला काय भाव निघाला, याकडे अख्खा मराठवाडा डोळे लावून असतो. तिथलं काम तुझ्या हाती आलंय. म्हणून एक आग्रह धरतो. मागण्यांची यादी मिळाली की लगेच कोडला बसू नकोस. आधी चित्र काढ.

एका शेतकऱ्याच्या नोंदणीचा प्रवास कागदावर मांड. नोंदणी झाली, एसएमएस गेला, माल केंद्रावर आला, ओलावा तपासला, वजन झालं, गोदामाची पावती निघाली, खात्यात पैसे जमा झाले. प्रत्येक टप्प्याला एक चौकट, मधे बाण. मग एकेका चौकटीवर बोट ठेवून विचार, इथून आणखी कुठं जाता येतं? ओलाव्यापाशी आलीस की अडशील. माल परत पाठवला तर नोंदणी संपली, की वाळवून त्याच नोंदणीवर पुन्हा आणायचा? एसएमएस नव्यानं लागेल का? बारदाना संपला आणि निम्म्याच मालाचं वजन झालं, तर? हे यादीत सापडणार नाही. केंद्रावरच्या माणसाच्या ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की सांगायचं त्याला सुचतच नाही. १९८३ साली इस्रायलमध्ये लढाऊ विमानाच्या अभियंत्यांना संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड हारेल असेच प्रश्न विचारत बसले होते. आपण वर्गात शिकलेली स्टेटचार्टची आकृती त्यातूनच आली.

दुसरं, कोष्टक. ओलावा मर्यादेत आहे का, सातबाऱ्यावर सोयाबीनची नोंद आहे का, खात्याला आधार जोडलंय का: तीन प्रश्न, उत्तर हो किंवा नाही. म्हणजे आठ ओळी होतात. आठही लिही. लोक सांगतात ते सगळं बरोबर असलेल्या ओळीबद्दल. शेतकरी रांगेत ताटकळतो तो उरलेल्या सात ओळींमुळे. आणि मर्यादेचा आकडा कोडमध्ये पुरू नकोस. २०२४च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारनं तो १२ टक्क्यांवरून १५ केला होता. आदेशाच्या आदल्या दिवशी परत गेलेल्या मालाचं काय, हा प्रश्न मर्यादेला तारीख जोडलीस तरच तुझ्या चित्रात उमटेल.

कोण कोणाशी जोडलेलं आहे, हेही आधीच काढ. राज्याच्या २०१७च्या कर्जमाफीचंच बघ, तिच्यात दीड लाखाची मर्यादा कुटुंबाला होती, आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी व १८ वर्षांखालची मुलं. २०१९च्या योजनेत दोन लाखांची मर्यादा एकेका शेतकऱ्याला लागू झाली. वरवर पाहता एक निकष बदलला. प्रत्यक्षात खाती कशी जुळवायची, बेरीज कुणाची करायची, सगळंच बदललं. सामाईक सातबारा असलेल्या भावांच्या नोंदणीत तुलाही हाच पेच पडेल, तेव्हा तो आत्ताच विचारून घे.

आता पडताळणी. साहेबांची सही घेतली म्हणजे ती झाली असं समजू नकोस. चित्र घेऊन केंद्रावर जा. ओलावा तपासणारा, काट्यावरचा माणूस आणि माल घेऊन आलेला शेतकरी, तिघांना वेगवेगळं भेट. आकृतीच्या खुणा शिकवत बसू नकोस, आपल्या बोलीत वाचून दाखव. मग म्हण, ‘दादा, मागच्या हंगामात सगळ्यात जास्त डोकं कुणाच्या मालावरून फिरलं?’ ती हकीकत तुझ्या चित्रावरून बोटानं चालवून बघ. वाट सापडली नाही, तर चित्र दुरुस्त कर. हकीकत चित्रात बसवायला जाऊ नकोस. तिघांची उत्तरं जुळली नाहीत, तर स्वतःच्या मनानं एक निवडू नकोस. तिन्ही लिहून ठेव आणि निर्णय ज्याच्या अधिकारात आहे, त्याच्याकडून लेखी घे.

पुढच्या रविवारी मी लातूरला येतोय. तोवर कोष्टक भरून ठेव. ज्या ओळींचं उत्तर कुणालाच देता आलं नाही, त्या कोऱ्याच राहू दे. आपण त्यांच्यापासूनच सुरुवात करू.

तुझा,
मामा