खारजमीन आणि पापापासून सुटका

वाचावयाचा पाठ : रोमकरांस पत्र, अध्याय 6, योहान, अध्याय 8, वचने 31 ते 36.

आपण ख्रिस्तावर विश्वास ठेवला, बाप्तिस्मा घेतला. तरी जुना राग, जुने व्यसन, जुनी लबाडी पुन्हा डोके वर काढते. मग मन म्हणते, 'माझी सुटका झालीच नाही.' हे खरे आहे काय? उत्तरासाठी पेण व रोहे तालुक्यांतील खारजमिनीकडे पाहू या.

धरमतरच्या व कुंडलिकेच्या खाडीलगतची पुष्कळ भातशेते उधाणाच्या पाण्याहून खालच्या पातळीवर आहेत. मातीचे बांध घालून ती राखलेली आहेत. परंतु बांध घातला की लगेच पीक येते असे नाही. जमिनीत मुरलेला खार काही वर्षांच्या पावसाने धुतला जातो, आणि ते पाणी ओहोटीच्या वेळी उघाडीवाटे बाहेर जाते. घागरीने पाणी ओतून कोणी शेतकरी खार काढू शकत नाही. ते काम वरच्या पावसाचे. त्याचप्रमाणे अंतःकरण शुद्ध करणे हे आपल्या पुण्याईचे काम नव्हे, देवाच्या कृपेचे आहे.

दुसरी गोष्ट. या बांधांसाठी 1948 साली मुंबई प्रांतात व 1979 साली महाराष्ट्रात कायदे झाले. ते उपयोगी खरे; पण कागदावरचा कायदा भरती अडवीत नाही. नियमशास्त्रही पाप कोणते ते दाखविते; पापावर जय देतो तो पवित्र आत्मा.

तिसरी गोष्ट. पाऊस देवाचा म्हणून शेतकरी बांधाकडे पाठ फिरवीत नाही. खेकड्याचे बीळ लहानसे असते. पण अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तेथूनच पाणी शिरते आणि खांड पडते. बाजाराच्या दिवशी सोबत्यांच्या आग्रहाने घेतलेला एक पेला, हिशेबातील एक खोटा आकडा, भावकीतील न बोललेला रुसवा, ही अशीच बिळे होत. रोजची प्रार्थना व शास्त्रवाचन म्हणजे बांधावरची फेरी.

आणि खांड पडलीच तर? शेत समुद्राचे झाले असे कोणी म्हणत नाही. गावकरी एकमेकांस हाका मारतात आणि पुढील भरतीच्या आत बांध घालतात. विलंब केला तर मात्र खार पुन्हा मुरतो आणि पुढची पिके जातात. म्हणून पतन झालेल्या बंधूने लाजेने मंडळी सोडू नये. त्याच दिवशी देवाजवळ पाप कबूल करावे व विश्वासू बंधूचे साहाय्य मागावे. आणि मंडळीने त्याची निंदा न करता घमेले घेऊन धावावे. पापाची ओढ जाणवणे निराळे व पापाची गुलामगिरी पत्करणे निराळे. धनी बदलला आहे. जुन्या धन्याची हाक ऐकू आली तरी त्याची चाकरी आपणांवर बंधनकारक नाही.

मनन करण्याजोगे प्रश्न :
1. माझ्या जीवनात कोणते बीळ लहान म्हणून राहून गेले आहे?
2. मी शुद्धतेसाठी स्वतःच्या घागरीवर भिस्त ठेवितो की देवाच्या कृपेवर?
3. आपल्या मंडळीतील कोणाची खांड बुजविण्यास आपण या आठवड्यात जावे?